पत्ता बदलला आहे

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की आमचे वडील कपाटातून लाल कापडी बांधणीची एक वही काढीत. ती पत्त्यांची वही. स्वयंपाकघरात चकल्या तळल्याचा वास सुटलेला असे आणि वडील खिडकीपाशी बसून जुन्या वहीतले पत्ते नव्या वहीत उतरवीत. मी शेजारी बसून वाचून दाखवायची. कुणाची बदली झालेली असे, कुणाच्या मुलीचे लग्न होऊन आडनाव बदललेले असे, कुणाच्या नावावर नुसतीच एक आडवी रेघ असे. रेघ आली की वडील क्षणभर थांबत आणि "पुढचा" म्हणत. नवी वही लिहून झाली, की जुनी फाडून टाकायची असा त्यांचा नेम होता. मी एकदा विचारले, "जुनी राहू दिली तर काय बिघडलं?" तर म्हणाले, "दोन वह्या घरात राहिल्या की घाईच्या वेळी हाताला जुनीच लागते."

आता पत्ते मी सांभाळते, पण वहीत नव्हे. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवते आणि विभागाच्या माजी विद्यार्थ्यांची नोंद ठेवण्याचे काम, दुसरे कुणी अंगावर घेत नाही म्हणून, बरीच वर्षे माझ्याकडे आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांना वाटेल, त्यात काय एवढे! पण आमच्याकडचा विद्यार्थी एका पत्त्यावर क्वचितच सापडतो. घर सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर, शिक्षणासाठी आधी आश्रमशाळा, मग वसतिगृह. दिवाळी झाली की घरची माणसे ऊसतोडीला गुजरातेत, बारडोलीकडे. आणि शिक्षण संपले की पोटासाठी सुरत, नाही तर नाशिक. सिमकार्ड बदलते, त्याबरोबर नंबर बदलतो. ईमेलची तर निराळीच तऱ्हा. पुष्कळांना पहिला ईमेल पत्ता मिळतो तो शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना. तो काढून देतो फॉर्म भरणारा दुकानदार, आणि पासवर्ड त्याच्याच वहीत राहतो. मूल पुढे निघून जाते, पत्ता दुकानात राहतो. शिवाय नावे! वळवी, वसावे, पाडवी, गावित, पावरा, तडवी एवढ्या आडनावांत निम्मा वर्ग बसतो. माझ्या नोंदीत एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे तीन जण आहेत. त्यातला एक रोमनमध्ये 'व' लिहिताना व्ही घालतो, दुसरा डब्ल्यू, आणि तिसऱ्याने आपले नाव देवनागरीतच कळवलेले.

ही सारी नोंद माझ्या फोनमध्ये आहे. खरे म्हणजे फोनमध्ये नाही, 'क्लाऊड'मध्ये आहे. ढगात ठेवली आहे म्हटले की आमच्या शेजारच्या काकू आभाळाकडे बघतात. पण हा ढग जमिनीवरच असतो. कुठल्या तरी मोठ्या इमारतीत रात्रंदिवस चालणारे कंपनीचे संगणक, एवढाच त्याचा अर्थ. आपण फोनवर नाव लिहिले की ते तिकडे जाऊन बसते. फोन हरवला, विहिरीत पडला, तरी नव्या फोनवर आपले खाते उघडताच सगळी मंडळी परत हजर होतात. गूगल कॉन्टॅक्ट्स हे तिथल्या वहीचे नाव.

विभागाचा पत्रव्यवहार मात्र मी फोनवर करीत नाही. चाळिशी लागली हे एक कारण. दुसरे असे, की विभागाच्या खोलीत टेबलावर एक जुना संगणक आहे आणि त्यावर थंडरबर्ड नावाचा ईमेलचा प्रोग्रॅम आहे. मोझिला या मंडळींनी त्याची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये काढली. तो फुकट मिळतो, आणि पत्रे आपल्या संगणकावर उतरवून ठेवतो. पावसाळ्यात आमच्याकडे नेट गेले की कधी कधी दिवसभर जाते. अशा वेळी जुने पत्र उघडून वाचता येते, उत्तर लिहून ठेवता येते आणि नेट आले की ते रवाना होते. महाविद्यालयाचे खाते आणि माझे स्वतःचे जीमेलचे खाते अशी दोन्ही पत्रपेट्या एकाच खिडकीत दिसतात. एकूण पक्षी गुणी आहे. नावातच गडगडाट आहे, तेव्हा ढगाशी त्याचे जमत असणारच, असे मी गृहीत धरले होते.

ते तसे नव्हते. जीमेलची पत्रे थंडरबर्डमध्ये येतात म्हणून पत्तेही येतात असे नाही. पत्रांचा रस्ता निराळा, पत्त्यांचा निराळा. पोस्टमन तुमची पत्रे आणून देतो. तुमच्या मामांच्या घरची पत्त्यांची वही काही आणून देत नाही, त्यातलाच हा प्रकार. थंडरबर्डची स्वतःची एक वही असते, आणि तिच्या जोडीला 'जमवलेले पत्ते' अशी दुसरी. आपण ज्याला पत्र पाठवू त्याचा पत्ता तो या दुसऱ्या वहीत आपल्या नकळत टिपून ठेवतो. पुढच्या वेळी नावाची दोन अक्षरे लिहिली की त्यातला पत्ता आपोआप पुढे येतो. किती सोय! मी तर वर्षानुवर्षे समजत होते, की फोनवरचीच नावे इथे दिसतात.

माझा हा गैरसमज दुसऱ्या एकाला महागात पडला, म्हणून हे लिहायला बसले आहे.

सुमारे दोन वर्षांपूर्वी होळीला आम्ही अक्कलकुवा तालुक्यात काठीला गेलो होतो. काठीची राजवाडी होळी आमच्या जिल्ह्याचे भूषण आहे. रात्रभर ढोल घुमत असतात आणि पहाटे होळी पेटते. त्या गर्दीत आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. कमरेला घुंगरे, अंगभर नक्षी, त्यामुळे मी ओळखलेच नाही. त्यानेच हाक मारली. एम.ए. झालेला, सेट उत्तीर्ण, हुशार मुलगा, आणि हाताला काम नाही. निघताना म्हणाला, "मॅडम, जुना ईमेल चालत नाही आता. हा नवा घेऊन ठेवा." ढोलांच्या आवाजात त्याने एकेक अक्षर ओरडून सांगितले आणि मी फोनवर टिपून घेतले. तिथे नेटवर्क नव्हते. दुसऱ्या दिवशी मोलगीचा घाट उतरून खाली आलो तेव्हा फोनने ती दुरुस्ती मुकाट्याने वर पाठवून दिली असणार.

जुलैत शेजारच्या तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मराठीसाठी तासिका तत्त्वावर जागा निघाल्याचे कळले. मुलाखत पाच दिवसांवर होती. मी लगेच टेबलावरच्या संगणकावर बसून पात्र असलेल्या अकरा जणांना पत्र लिहिले. याच्या नावाची तीन अक्षरे लिहिताच पत्ता पुढे आला, मी बोट दाबले, पत्र गेले. परत आले नाही. परत येणार कसे? जुनी पेटी बंद झालीच नव्हती, फक्त तिची किल्ली याच्याजवळ नव्हती.

ऑगस्टमध्ये तो कसल्या तरी दाखल्यासाठी महाविद्यालयात आला. म्हणाला, "मॅडम, तिकडं जागा निघाली होती म्हणतात."

"अरे, मी तुला पत्र पाठवलं होतं!" मी जरा घुश्शातच पडदा त्याच्याकडे वळवला.

त्याने वाकून पाहिले. "हा तर दुकानातला पत्ता आहे, मॅडम. नवा तुमच्या फोनमध्ये आहे ना? काठीला दिला होता."

मी पर्समधून फोन काढला. होता. व्यवस्थित, एकाही अक्षराची चूक न करता लिहिलेला होता. तो काही बोलला नाही. उलट मलाच "चालतंय मॅडम" म्हणाला. त्या वर्षी दिवाळीनंतर तो घरच्यांबरोबर बारडोलीकडे गेला. एका टोळीचा हिशेब लिहायचे काम मिळाले, असे त्याने मागाहून कळवले. मी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला.

दोन्ही वह्या एक करायच्याच, असे मी त्याच आठवड्यात ठरवले आणि आपल्या अकलेने कामाला लागले. गूगलच्या वहीतून सगळे पत्ते एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात, आणि ती फाइल थंडरबर्डला भरवता येते. या फाइलीला सीएसव्ही म्हणतात. म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली नुसती यादी. फाइल मिळाली. आता ती आधी नजरेखालून घालावी, ही मास्तरकीची खोड. मी ती तक्ते मांडायच्या प्रोग्रॅममध्ये उघडली, दोन-चार शुद्धलेखनाच्या चुका सुधारल्या, जपून ठेवली आणि थंडरबर्डला दिली. पाहते तो काय, सगळ्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे! उत्तरपत्रिका तपासताना मी आजवर पुष्कळ प्रश्नचिन्हे काढली असतील, पण एवढी एके ठिकाणी कधी पाहिली नव्हती. फोन नंबरांचीही तीच गत. प्रत्येकाचा नंबर ९.१९ई+११. म्हणजे तक्त्याच्या प्रोग्रॅमने तो बारा अंकी आकडा मानून शास्त्रज्ञांच्या पद्धतीने थोडक्यात लिहिला आणि पुढचे अंक खाऊन टाकले.

हे का झाले, ते नंतर समजले, आणि मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावे असे मला वाटते. संगणकाला अक्षर ठाऊक नसते, अंक ठाऊक असतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग तो 'क' असो की वेलांटी, आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट्स जागा घेते. रोमन अक्षराला एक पुरते. जुन्या धाटणीच्या जपणुकीत एका अक्षराला एकच खण असतो आणि त्या खणांच्या कपाटात देवनागरीला जागाच ठेवलेली नाही. जे मावत नाही, त्याच्या जागी तो प्रोग्रॅम प्रश्नचिन्ह टाकतो आणि मोकळा होतो. एकदा असे जपून ठेवले, की मूळ नाव त्या फाइलीतून कायमचे गेले.

दुसऱ्या वेळी मी फाइल न उघडता, हात न लावता तशीच भरवली. नावे उतरली, नंबर शाबूत राहिले. मी चहा मागवला. पंधरा दिवस आनंदात गेले. मग कुणा मुलीने नवा नंबर कळवला, मी फोनवर बदलला, आणि संगणकावर जाऊन पाहते तो जुनाच. म्हणून सगळी यादी पुन्हा उतरवून पुन्हा भरली. झाले! आता प्रत्येक जण दोनदा. तीन सारख्या नावांचे सहा झाले, आणि त्या सहांतला खरा कोण, हे ओळखायला मलाच वेळ लागू लागला.

शहाद्याला संगणक दुरुस्तीचे दुकान चालवणारा माझा एक विद्यार्थी आहे. कला शाखेचा, व्याकरणात कच्चा होता, यंत्रात पक्का निघाला. त्याला फोन केला. माझे सगळे पुराण त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही दर वेळी वहीची झेरॉक्स काढताय."

"मग काय करू?"

"झेरॉक्स नको. ढगातली वहीच तिथं उघडायची. कार्डडॅव्ह म्हणतात त्याला."

त्याने सांगितले ते माझ्या परीने सांगते. क्लाऊडमध्ये प्रत्येक माणसाचे एक कार्ड असते. त्याला व्हीकार्ड म्हणतात. ही मांडणी १९९०च्या दशकाच्या मध्यावर तयार झाली आणि आजतागायत टिकून आहे. एका ओळीत नाव, एकीत फोन, एकीत ईमेल. पण त्यात आपल्याला पडद्यावर न दिसणारी एक ओळ असते. तिला यूआयडी म्हणतात. हे नाव आमच्या जिल्ह्याला परके नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले ते शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, आणि आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या इंग्रजी नावाची सुरुवातही याच तीन आद्याक्षरांनी होते. नाव तेच असेल, आडनाव तेच असेल, उद्या लग्न होऊन दोन्ही बदलतील, गाव धरणाखाली जाईल. क्रमांकावरून माणूस तोच हे कळते. कार्डाचेही तसेच. माझ्या स्वल्पविरामांच्या यादीत हा क्रमांक जात नव्हता. म्हणून थंडरबर्डला दर वेळी वाटे, ही सहाशे माणसे नवीनच आली आहेत.

कार्डडॅव्ह म्हणजे क्लाऊडमधल्या वहीशी बोलायची ठरलेली भाषा. प्रोग्रॅम ठराविक वेळाने तिकडे चौकशी करतो: मागच्या खेपेपासून कोणते कार्ड बदलले? प्रत्येक कार्डावर एक खूण असते आणि कार्डात काडीचाही बदल झाला की ती खूण बदलते. खूण तीच असेल तर कार्ड आणायचे कारण नाही. बदललेली असेल तर तेवढे एकच कार्ड आणून, क्रमांक जुळवून, जुन्याच्या जागी ठेवायचे. इकडून दुरुस्ती केली तर ती तिकडे जाते. आणि नेट गेले तरी शेवटची प्रत संगणकावर असतेच.

या भाषेचे नियम ऑगस्ट २०११ मध्ये जाहीर झाले. गूगलने २०१२ मध्ये आपली वही तिच्यासाठी खुली केली. थंडरबर्डला मात्र ती भाषा स्वतःच्या तोंडाने बोलायला ऑगस्ट २०२१ उजाडले, ९१ क्रमांकाची आवृत्ती आली तेव्हा. मधली नऊ वर्षे लोक काय करीत होते? निरनिराळ्या हौशी मंडळींनी लिहिलेली छोटी जोडकामे बसवीत होते. ती बिचारी नि:स्वार्थ बुद्धीने लिहिलेली, पण दोन्ही बाजूंनी मालक बदल करीत गेले, की मधला दुभाषा मारला जायचा. थंडरबर्डने २०२० मध्ये जोडकामांची जुनी पद्धत बंद केली. गूगलने आपल्या वहीचा जुना दरवाजा जानेवारी २०२२ मध्ये बंद करून दुसरा उघडला. मला वाटते, अशा वेळी कुणाही एकट्यादुकट्याच्या जोडकामापेक्षा सर्वांनी मान्य केलेली भाषा बरी. मराठी शिकवणारीने प्रमाणभाषेची बाजू घेतली, यात कुणाला नवल वाटू नये. घरी मी अहिराणीच बोलते.

प्रत्यक्ष जोडणी दहा मिनिटांची होती. मला तिला दोन संध्याकाळी लागल्या. थंडरबर्डमध्ये पत्त्यांची वही उघडायची, नवी वही करायची, आणि ती कोणत्या प्रकारची असे विचारले की कार्डडॅव्ह निवडायचे. मग आपला जीमेलचा पत्ता लिहायचा. वही कुठे आहे हे विचारणारी दुसरी चौकट कोरी सोडली तरी चालते. जीमेल म्हटल्यावर त्याला ठिकाण ठाऊक असते. पुढे गूगलची खिडकी उघडते. तिथे पासवर्ड द्यायचा, आणि 'या प्रोग्रॅमला तुमचे पत्ते पाहू द्यावेत काय' या प्रश्नाला होकार भरायचा. यात एक चांगली गोष्ट आहे. पासवर्ड आपण गूगललाच देतो. थंडरबर्डला मिळते ती फक्त एक वेगळी किल्ली, आणि ती आपल्या गूगल खात्यात जाऊन केव्हाही काढून घेता येते. (एखाद्याने खाते अलीकडे नव्याने जोडले असेल, तर हल्लीचा थंडरबर्ड 'वहीही जोडू का?' असे आपणहूनच विचारतो. माझे खाते जुने, म्हणून मला कुणी विचारले नव्हते.)

पहिल्या संध्याकाळी माझी गाडी गूगलच्या खिडकीपाशीच अडली. पत्ता लिहावा, पासवर्ड द्यावा, आणि पुन्हा पहिल्याच पायरीवर यावे. सापशिडीच जणू. पासवर्ड चुकतो की काय, म्हणून मी तो चार वेळा लिहिला. शेवटी मोठ्याने म्हणत लिहिला, तेव्हा आमच्या शिपाईमामांनी दार लोटून घेतले. दुसऱ्या दिवशी शहाद्याहून फोनवर निदान झाले: "मॅडम, कुकीज बंद केल्यात का?" केल्या होत्या. सुरक्षिततेवरचे एक व्याख्यान ऐकून आले होते, त्या उत्साहात मीच थंडरबर्डच्या गोपनीयतेच्या सेटिंगमधली खूण काढून टाकली होती. कुकी म्हणजे दवाखान्यात केसपेपर देतात तशी चिठ्ठी. आताच आत आलेला माणूस तो हाच, हे तिच्यावरून पुढच्या टेबलावर कळते. चिठ्ठीच घ्यायची नाही म्हटल्यावर प्रत्येक टेबल मला पुन्हा पहिल्या रांगेत पाठवीत होते. खूण परत केली, आणि पडद्यावर नावे उतरू लागली. वळवी आले, वसावे आले, पाडवी आले. रोमन एकीकडे, देवनागरी दुसरीकडे, पण एकाही नावात प्रश्नचिन्ह नाही. काठीचा पत्ताही आला. मी तो पाहून घेतला.

सगळेच आले असे नाही. फोनवर मी विद्यार्थ्यांना लेबले लावली होती: अमुक वर्षाची तुकडी, सेट-नेट झालेले, वगैरे. ती लेबले थंडरबर्डमध्ये पत्रयाद्या होऊन आली नाहीत. त्या याद्या हाताने कराव्या लागल्या. गूगलच्या वहीत 'इतर संपर्क' म्हणून एक अडगळीची खोली असते, कधी तरी पत्र पाठवलेल्या लोकांची. त्या खोलीतली मंडळीही आली नाहीत. ज्यांची गरज होती त्यांना मी फोनवरून मुख्य वहीत आणून बसवले, तेव्हा ती उतरली. बाकीची राहिली, ते बरेच झाले.

आता माझा पुढचा पराक्रम. नव्या वहीत एकाच मुलीची दोन कार्डे दिसली, म्हणून एक खोडले. तसेच आणखी तीन-चार ठिकाणी केले. घरी येऊन फोन पाहिला तर तिथलीही गेलेली! आणि त्यातली दोन दुहेरी नव्हतीच. सारख्या नावाच्या दोन निराळ्या मुली होत्या. झेरॉक्सवर रेघ मारली तर मूळ वहीला काही होत नाही, या सवयीत मी होते. पण आता झेरॉक्स नव्हती, वहीच होती. सुदैवाने गूगलच्या वहीत 'बदल मागे घ्या' अशी सोय आहे. गेल्या ३० दिवसांतल्या हव्या त्या वेळी वही जशी होती तशी ती परत आणता येते. मात्र मधल्या काळात केलेल्या चांगल्या दुरुस्त्याही त्याबरोबर पुसल्या जातात, म्हणून चूक लक्षात येताच त्याच दिवशी हे केलेले बरे. दुहेरी नावे एकत्र करायची असतील तर तेही गूगलच्या वहीतच बसून करावे. दोन्ही कार्डे शेजारी दाखवून, विचारून मग ती जोडली जातात.

एवढे होऊनही एक दिवस पत्र लिहिताना दुकानातलाच पत्ता पुन्हा पुढे आला. क्षणभर माझ्या पोटात गोळा उठला. नवी वही आली होती, पण जुन्या दोन्ही तिथेच होत्या: माझी प्रश्नचिन्हांची आणि दुहेरी नावांची वही, आणि ती 'जमवलेले पत्ते' नावाची. अक्षरे लिहिली की थंडरबर्ड सगळ्या वह्यांत शोधतो, आणि जो पत्ता आपण जास्त वेळा वापरला तो आधी पुढे करतो. इतकी वर्षे जुनाच वापरला होता, तर तोच येणार. त्या संध्याकाळी मी दोन्ही जुन्या वह्या रिकाम्या केल्या. एकदम नव्हे, एकेक नाव पाहून, नव्या वहीत आहे ना याची खात्री करून. साडेसात वाजले. सेटिंगमध्ये जाऊन नवे पत्ते गोळा करायचे काम ढगातल्या वहीकडे सोपवले. शेजारी कुणी वाचून दाखवायला नव्हते. दोन नावे अशी लागली, की ज्यांना आता पत्र जाणार नाही. तिथे मी थांबले आणि पुढे गेले.

ज्यांच्याकडे थंडरबर्ड नाही त्यांच्यासाठी थोडेसे. मॅक संगणकावरच्या पत्त्यांच्या वहीला ही भाषा येते. पूर्वीपासून कचेऱ्यांत चालत आलेला आउटलुक मात्र कार्डडॅव्ह मुळातून जाणत नाही. तिथे एक तर मधला दुभाषा विकत घ्यावा लागतो, नाही तर झेरॉक्सवर भागवावे लागते. झेरॉक्स काढायचीच तर स्वल्पविरामांच्या यादीपेक्षा व्हीकार्डांची काढावी आणि मध्ये उघडून शुद्धलेखन तपासू नये.

आमचे इतिहासाचे सर विचारतात, की आदिवासी पोरांचे पत्ते असे परक्या कंपनीच्या हवाली करणे कितपत बरे? प्रश्न खोटा नाही. मी प्रत्येकाला विचारूनच नोंद ठेवते, आणि नाव, नंबर, ईमेल यापलीकडे, जातीचा दाखला, बँकेचे खाते, असले काही तिथे लिहीत नाही. कार्डडॅव्हची भाषा बोलणारी वही एखाद्या संस्थेला स्वतःच्या संगणकावरही ठेवता येते. ते जमले तर उत्तमच, पण ती सांभाळायला माणूस हवा. आमच्या विभागात या आधीची नोंद कागदी रजिस्टरमध्ये होती आणि तिची शेवटची चाळीस पाने वाळवीने वाचली आहेत. तूर्त मी ढगावर विश्वास ठेवला आहे, आणि वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि परीक्षा संपल्यावर, सगळ्या कार्डांची एक प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवते.

गेल्या वर्षी जूनमध्ये पुन्हा जागा निघाली, दुसऱ्या एका महाविद्यालयात. पत्र गेले, आणि या वेळी ते पोचले. तो आता तिथे तासिका तत्त्वावर शिकवतो. कायम नाही; वर्षावर्षाची गोष्ट आहे, आणि पैसे केव्हा हातात पडतील याचा नेम नाही. पण शिकवतो चांगले, असे ऐकते.

या महिन्यात त्याचा निरोप आला: "मॅडम, पत्ता बदलला आहे. नंबर पण." गाव बदलून तो बायकोला घेऊन महाविद्यालयाजवळ राहायला आला होता. मी स्टाफरूममध्ये चहा पीत होते. तिथेच फोनवर त्याच्या कार्डात नवा नंबर, नवा पत्ता लिहिला. मग विभागात जाऊन संगणक सुरू केला, वहीवर उजवे बटण दाबून 'आत्ता जुळव' म्हटले आणि त्याचे नाव उघडले. नवा नंबर तिथे होता. लगेच पत्र लिहायला घेतले, नावाची तीन अक्षरे लिहिली. एकच पत्ता पुढे आला. दिवाळीच्या शुभेच्छा लिहिल्या, आणि खाली, सेटच्या अभ्यासाची त्याची जुनी टिपणे आमच्या नव्या मुलांसाठी मागितली.

रात्री उत्तर आले. "मिळालं, मॅडम. टिपणं घरी पाड्यावर आहेत. दिवाळीत जाईन तेव्हा आणतो."